चुलीवरचं जुनं बिडाचं वॉफल आयर्न: ते खालचं कडं नेमकं कशासाठी असतं?

प्राची_पिट्सबर्ग

नमस्कार मंडळी, बिडाच्या भांड्यांवर इथे बरंच बोलणं होतं म्हणून इथेच विचारते.

गेल्या शनिवारी आम्ही ईरीच्या बाजूला एका फ्ली मार्केटला गेलो होतो, तिथे एका आजोबांच्या टेबलावर बिडाचं जुनं वॉफल आयर्न, म्हणजे वॉफल भाजायचा साचा, दिसलं आणि मी काही विचार न करता घेऊन टाकलं. गोल आहे, दोन तवे एकमेकांवर मिटतात, आत चौकोनी खाचा, प्रत्येक तव्याला लाकडी दांडा आणि दांड्याच्या बरोबर समोरच्या बाजूला बिजागरीला एक गोळा, साधारण मोठ्या बोराएवढा. वर लिहिलंय 'दि अमेरिकन', नंबर ८, ग्रिसवोल्ड, ईरी पेनसिल्व्हेनिया आणि पेटंटची तारीख १ डिसेंबर १९०८. त्याच्याबरोबर एक बिडाचं कडंही मिळालं, दोन-तीन बोटं उंच, एका बाजूला वाटीसारखी खोबण आणि समोर एक खाच. सगळं मिळून किचनच्या काट्यावर जवळजवळ ४ किलो भरलं.

मला वाटलं कडं म्हणजे गरम भांडं ओट्यावर ठेवायचं स्टँड, म्हणून ते गॅरेजमध्येच राहिलं. रविवारी सकाळी नुसते तवे काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर ठेवले, बटर लावलं, बॅटर ओतलं आणि पाच मिनिटांनी उघडायला गेले तर वॉफल मधोमध फाटलं, अर्धं वर अर्धं खाली, खालचं काळं आणि वरचं पांढरं कच्चं. ते खरवडून काढायला मला अख्खी दुपार लागली. आतमध्ये कोपऱ्या-कोपऱ्यात गंजही दिसतोय.

तर प्रश्न असे की ते कडं आणि तो गोळा कशासाठी, हे दोन्ही बाजूंनी सारखं भाजायचं कसं आणि गंज काढून हे परत वापरण्याजोगं होईल का? शोभेसाठी नकोय मला, मुलांना खरंच यात करून घालायचंय. आणखी एक, तवे पुस्तकासारखे पूर्ण उभे उघडले की बिजागरीतून सुटे होतात, तर ती तुटलीय का?

---

बिडाचा_तवा

प्राचीताई, सगळ्यात आधी गॅरेजमधून ते कडं घरात आणा! ते स्टँड नाही, तुमच्या यंत्राचा तो अर्धा भाग आहे. आणि बिजागरी तुटलेली नाही, ती तशीच सुटायला बनवलीय म्हणजे दोन्ही तवे वेगवेगळे घासता येतात. मी जर्सीत गेली बारा वर्षं जुनी बिडाची भांडी गोळा करून वापरतोय आणि वॉफल आयर्न हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो, चालवून घ्या.

हे सगळं डिझाइन एकाच अडचणीतून आलंय. विस्तव खालीच असतो आणि वॉफल दोन्ही बाजूंनी भाजायला हवं. आताच्या इलेक्ट्रिकमध्ये वर-खाली दोन्हीकडे कॉइल असते म्हणून तो प्रश्नच उरत नाही, पण चुलीवर मात्र भांडं उलटावंच लागतं, आणि आत पातळ पीठ असताना ४ किलोचं तापलेलं बीड उलटायचं म्हणजे हात भाजणार, भांडं घसरणार, पीठ कडेनं गळणार. त्याआधी युरोपात शेकडो वर्षं लांब दांड्यांची, चिमट्यासारखी वॉफल आयर्न होती, दांडे हातभर किंवा त्याहून लांब, ती सरळ शेकोटीत धरायची आणि मनगटाने फिरवायची. ब्रूगेल या चित्रकाराचं १५५९ मधलं कार्निव्हल आणि लेंटच्या (म्हणजे उपवासाच्या काळाच्या) भांडणाचं चित्र आहे ना, त्यात सुद्धा वॉफल्स आहेत. पण एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घराघरांत बिडाच्या बंद चुली आल्या, वरून सपाट आणि झाकणं असलेली गोल भोकं, मग ते लांब दांडे स्वयंपाकघरात नुसते अडचणीचे झाले.

तिथे आलं हे कडं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवूटला २४ ऑगस्ट १८६९ ला वॉफल आयर्नच्या सुधारणेचं पेटंट मिळालं, नंबर ९४०४३, अमेरिकेत त्या तारखेला अजून वॉफल डे म्हणतात. ट्रॉय हे तेव्हा चुली ओतणाऱ्या कारखान्यांचं मोठं गाव, त्यामुळे ही सुधारणा तिथल्या माणसाला सुचली यात मला काही नवल वाटत नाही. तवे कड्यात टेकलेले राहणार आणि कड्यातल्या कड्यातच फिरणार, म्हणजे तुम्ही उलटताना ४ किलो उचलत नाही, वजन कड्यावर असतं आणि तुमचा हात फक्त फिरवतो. ही कल्पना ज्याने प्रत्यक्षात आणली त्याचं मला फार कौतुक आहे.

आता तुमचा गोळा. नुसती आडवी पिन घातली असती तर तवे फक्त उघडले-मिटले असते. गोळा वाटीत बसला की दोन हालचाली मिळतात, दांडा वर उचलता येतो आणि त्याच वेळी पिळताही येतो. म्हणून उलटायची रीत अशी: मिटलेले तवे, दोन्ही दांडे एकत्र घट्ट धरायचे, गोळा वाटीतच ठेवून दांड्याकडची बाजू वर उचलायची, अर्धा फेरा पिळायचं आणि परत खाचेत टेकवायचं. दोन सेकंदांचं काम आहे, चार-पाच वेळा थंड असताना सराव करा, हाताला लगेच कळतं.

तुमचं कडं दोन-तीन बोटं उंच म्हणजे ते बुटकं कडं, लाकडा-कोळशाच्या चुलीसाठीचं. चुलीचं झाकण काढायचं आणि भोकावर हे कडं बसवायचं, म्हणजे तव्याला खालून थेट आच मिळते. तुमचा ८ नंबर म्हणजे इंच नव्हेत, चुलीच्या भोकाचा नंबर तो. पुढे गॅस आणि रॉकेलच्या शेगड्या आल्या, त्यांना खाली भोक नाही, ज्योत वर येते, म्हणून मग उंच कडी निघाली, त्यात ज्योतीला जागा मिळते आणि तवा फिरवायलाही.

म्हणून काचेची शेगडी विसरा. कडं ठेवलं तर तवे काचेपासून वर अधांतरी राहतात आणि ताप पोचत नाही, कडं काढलं तर फिरवताना काचेवर बीड आपटणार, एक दिवस काच जाईल. इंडक्शनवरही कड्यामुळे मध्ये फट राहते, ते चालणार नाही. कॅम्पिंगचा गॅस बर्नर घ्या आणि अंगणात करा.

तारखेबद्दल एक, १९०८ ही पेटंटची तारीख आहे, ओतल्याची नाही. ती तारीख साच्यात पुढे कितीतरी वर्षं तशीच राहायची. ग्रिसवोल्डचा ईरीतला कारखाना १८६५ पासूनचा आणि तो १९५७ ला बंद झाला, तुमचं आयर्न त्या मधल्या काळातलं. याच जातीचं दुसरं नाव म्हणजे ओहायोतल्या सिडनीचं वॅग्नर, त्यांच्यावर २२ फेब्रुवारी १९१० अशी तारीख सापडते. ईरीजवळ ईरीचंच आयर्न मिळालं तुम्हाला, मला खरंच हेवा वाटला.

---

शीलामावशी

प्राची, बाळा, बटर लावू नकोस. बटरमध्ये दुधाचा अंश असतो तो जळतो आणि चिकटतो, तूप लाव, घरचं कढवलेलं. मी बिडाच्या तव्यावर चाळीस वर्षं घावन घालतेय, तव्याला अर्धा कांदा टोचून तेल फिरवते, पण तुझ्या या खाचांत कांदा काही जायचा नाही, त्याला नारळाच्या सोडणाचा कुंचला उत्तम, प्रत्येक खाचेत शिरतो आणि तापल्यावर वितळत नाही. पहिलं घावन तव्यालाच द्यायचं असतं तसं पहिलं वॉफल सोडून दे, दुसऱ्यापासून बघ.

आणि साखर बॅटरमध्ये कमी घाल, गोड वरून घालता येतं.

---

ओतारी_कोल्हापूर

मी उद्यमनगरात फाउंड्रीत आहे, पॅटर्नशॉपमध्ये, त्यामुळे वॉफल कधी खाल्लं तर फक्त पुण्यात मॉलमध्ये, पण प्राचीताईंच्या वर्णनावरून त्या खाचांबद्दल मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

आतले चौकोनी दाणे, म्हणजे खाचांमधले उंचवटे, जवळून बघा, ते सरळ उभे नसतील, बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळते असतील. आम्ही त्याला ड्राफ्ट म्हणतो. वाळूच्या मोल्डमधून, म्हणजे साच्यातून, पॅटर्न (वस्तूचा नमुना) उचलताना भिंती सरळ असतील तर वाळू पॅटर्नबरोबर उचकटून येते, म्हणून प्रत्येक बाजूला जरासा उतार द्यावा लागतो. आता गंमत बघा की वॉफल साच्यातून सुटण्यासाठीही नेमका हाच उतार लागतो, भाजलेलं पीठही सरळ भिंतीतून निघत नाही. म्हणजे ओतणाऱ्याची गरज आणि खाणाऱ्याची गरज एकच निघाली. एका तव्यावर असे शंभरेक दाणे तरी असतील, त्यातला एक जरी ओतताना अर्धवट भरला किंवा त्यावर वाळू चिकटून खरबरीत झाला की वॉफल तिथे अडकणार आणि फाटणार. अशी कास्टिंग शंभर वर्षांपूर्वी हाताने मोल्ड भरून काढायची म्हणजे मोल्डरचा हात काय असेल! आमच्याकडे आज मशीन मोल्डिंगवर सुद्धा इतकं बारीक काम दिलं तर रिजेक्शन सांभाळताना नाकी नऊ येतील.

बीडच का, तर ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे या बिडात, साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते पोलादापेक्षा कमी तापमानाला वितळतं आणि पातळ होऊन बारीक कोपऱ्यांत छान धावतं. दुसरं म्हणजे वजन, ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि बिडाची ७.२ च्या आसपास, तेवढ्याच आकाराच्या तव्यात बीड जास्त ताप धरून ठेवतं. ॲल्युमिनियम ताप भराभर पसरवतं, त्यात ते बिडाच्या कितीतरी पुढे आहे, पण थंड बॅटर ओतल्यावर तापमान पडू न देणं हे बिडाचं काम. उलटल्यावर वर गेलेला तवा विस्तवापासून लांब असतो, तरी भाजत राहतो तो या साठवलेल्या तापावर.

एक कळकळीची सूचना, गरम असताना पाण्याखाली धरू नका. बीड ठिसूळ असतं, तडा गेला तर बिजागरीच्या मुळाशी किंवा दांड्याच्या मुळाशी जाईल आणि तो वेल्डिंगने पहिल्यासारखा होत नाही. आणि गंज काढायला ग्राइंडर किंवा ड्रिलचा वायरब्रश तर अजिबात नको, दाण्यांच्या कडा गेल्या की ते आयर्न गेलं.

---

सुहास_के

मला वाटतं एवढा खटाटोप करण्यापेक्षा नॉर्डिक वेअरचं ओतीव ॲल्युमिनियमचं शेगडीवरचं मिळतं ते घ्यावं. हलकं आहे, कडं वगैरे काही नाही, हातात धरून उलटायचं, नॉनस्टिक आहे. आपल्याकडे लहानपणी गॅसवरचा सँडविच टोस्टर होता ना दोन दांड्यांचा, तसंच. त्याला कुठे लागत होतं कडं?

---

बिडाचा_तवा

सुहासराव, टोस्टरची आठवण अगदी बरोबर काढलीत, तोही त्याच घराण्यातला. मुंबईत सँडविचवाले शेगडीवर अजून तसलेच हाताचे टोस्टर उलटसुलट करतात. पण त्यात ब्रेड असतो, तो गळत नाही, आणि टोस्टर एका हाताने सहज उचलला जातो. वॉफलचं बॅटर पहिला अर्धा मिनिट पातळच असतं, नेमकं तेव्हाच उलटायचं असतं.

ते ॲल्युमिनियमचं वाईट नाही, माझ्या बहिणीकडे आहे आणि ती खूष आहे, घाईच्या सकाळी मीही तेच वापरेन. पण प्राचीताईंकडे आयर्न आलेलं आहे, ते गॅरेजमध्ये ठेवून दुसरं घ्या असं मी कधीच सांगणार नाही.

उलटण्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर सांगतो, कारण प्राचीताईंचं वॉफल तिथेच फाटलं. आधी रिकामे मिटलेले तवे मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचे आणि या दहा मिनिटांत तीन-चार वेळा उलटायचे, म्हणजे दोन्ही सारखे तापतात. पाण्याचा थेंब नाचायला लागला की तूप लावायचं. बॅटर मध्यभागी ओतायचं, कडेपर्यंत नाही, मिटायचं आणि आठ-दहा सेकंदांत उलटायचं. या पहिल्या उलटण्यात बॅटर वरच्या खाचांमध्ये पडतं, नाहीतर वरची बाजू अर्धवट भरते आणि तुमच्यासारखी पांढरी राहते. मग दोन-अडीच मिनिटं, परत उलटून तेवढंच. कडेनं वाफ येत असते ती बघत राहायचं, वाफ भरपूर आहे तोवर उघडायचं नाही. आत पाणी आहे म्हणजे पीठ अजून मऊ आहे, ओढलं की फाटणारच. वाफ जवळजवळ थांबली की बाहेरचं कवच कडक होतं आणि मग ते आपण होऊन सुटतं. बिजागरी थोडी सैल वाटते ना, तीही कामाची आहे, पीठ फुगतं तेव्हा वरचा तवा किंचित वर उचलला जातो आणि वाफेला वाट मिळते.

गंजाचं असं. हलका असेल तर अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी, फार तर अर्धा तास, मग काढून नायलॉनचा ब्रश, लागलं तर पुन्हा. व्हिनेगरमध्ये रात्रभर विसरलात तर ते लोखंड खातं. जुना जळका थर असेल तर लायच्या पाण्यात बुडवून ठेवतात, म्हणजे कॉस्टिक सोडा, हातमोजे आणि चष्मा घालूनच, मुलं आसपास नकोत आणि ॲल्युमिनियमची बादली तर मुळीच नको. त्याआधी लाकडी दांडे काढा, नाही निघाले तर ते पाण्याबाहेर राहतील असं काहीतरी करा. ओव्हनच्या सेल्फ क्लीनमध्ये, म्हणजे प्रचंड तापून ओव्हन आपोआप साफ होतो त्या सोयीत, टाकू नका, तवे वाकले तर मिटताना फट राहील.

मग लगेच कोरडं करून तेल, पण इतकं पातळ की पुसून काढल्यावर काही लावलंय असं वाटू नये. खाचांत तेल साचलं तर तिथे चिकट गोळे होतात, म्हणून तवे पालथे ठेवायचे. दांडे निघाले असतील तर ओव्हनला ४५० फॅरेनहाइटवर एक तास, असं तीन वेळा. नसतील निघाले तर बर्नरवरच मंद आचेवर.

---

नॉर्वेकर_मृणाल

हा धागा वाचून फार बरं वाटलं, मी बर्गेनला असते आणि इथे वॉफल म्हणजे हृदयाच्या आकाराचे पाच तुकडे फुलासारखे जोडलेले, पातळ आणि मऊ, कुरकुरीत नाहीत. वर जॅम आणि आंबट साय, नाहीतर ब्राऊन चीजचा काप, ते चीज चवीला आपल्या खव्याच्या जवळ जातं, मला तर कुंद्याची आठवण येते. शेजारच्या आजींकडे चुलीवरचं बिडाचं आयर्न आहे, तेही कड्यात बसतं आणि कड्यातच फिरतं. मी विचारलं तर त्या म्हणाल्या की इलेक्ट्रिकचं वॉफल पण चांगलं असतं, पण हे हिवाळ्यात हुट्टेवर, म्हणजे डोंगरातल्या लाकडी घरात, वीज नसताना सुद्धा होतं.

प्राची, तुझ्या प्रश्नाशी संबंधित एक गोष्ट मी त्यांच्याकडे शिकले. त्यांच्या खाचा उथळ आहेत, त्यामुळे बॅटर पातळ लागतं आणि वॉफल लगेच सुटतं. ब्रुसेल्सचे जाड वॉफल खोल खाचांचे, त्यात यीस्टचं किंवा अंड्याचा पांढरा भाग फेटून घातलेलं हलकं बॅटर लागतं. जुन्या अमेरिकन आयर्नच्या खाचा यांच्या मानाने उथळ असतात, त्यात तू बेल्जियन रेसिपी केलीस तर बॅटर फुगून कडेनं बाहेर येईल. घावनापेक्षा दाट आणि इडलीपेक्षा पातळ असं काहीतरी करून बघ. साय नसेल तर ताक घालतात, तेही छान होतं.

स्वीडनमध्ये २५ मार्चला वॉफलचा दिवस असतो, मूळ शब्द मेरीमातेच्या सणाचा, वोरफ्रूदागेन, तो बोलता बोलता वोफेलदागेन झाला आणि लोक वॉफल करायला लागले. मला ही गोष्ट फार आवडते.

---

प्राची_पिट्सबर्ग

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, इतकं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. दोन आठवडे लागले पण आज सांगण्यासारखं आहे.

कडं गॅरेजमधून आणलं. व्हिनेगरचे दोन फेरे, अर्ध्या अर्ध्या तासाचे, नंतर ब्रश. दांडे काढायला नवऱ्याला स्क्रू फिरवताना बराच जोर लावावा लागला पण निघाले, मग ओव्हनमध्ये तीन वेळा. ओतारीदादा, तुम्ही सांगितल्यावर मी भिंग घेऊन दाणे बघितले, खरंच प्रत्येक दाणा चारही बाजूंनी निमुळता आहे आणि एकही मोडलेला नाही, एका कोपऱ्यातला फक्त जरा खरबरीत आहे आणि नेमकं तिथेच पहिल्या दिवशी चिकटलं होतं.

थंड असताना मी आणि मोठ्या लेकीने फिरवायचा सराव केला, गोळा वाटीत ठेवून दांडा वर, पीळ, खाली. तो गोळा वाटीत फिरताना जो घरंगळल्यासारखा आवाज येतो ना, तो ऐकून धाकटा हट्ट धरून बसला की मला पण करायचंय. मग आज सकाळी अंगणात कॅम्पिंग बर्नरवर, शीलामावशी, तूप लावून, साखर अगदी चमचाभर, आणि मृणाल, ताकातलं बॅटर. पहिलं सोडून दिलं. दुसरं थोडं चिकटलं, त्या खरबरीत कोपऱ्यात. तिसऱ्याला मी वाफ थांबेपर्यंत हातच लावला नाही, अगदी कान देऊन बसले होते, आणि मग वरचा तवा उचलला तर वॉफल आपण होऊन खालच्या तव्यावर बसलेलं, सगळीकडे सारखं सोनेरी.

अकरा झाले. कड्याच्या आतल्या बाजूला गळलेलं थोडं बॅटर जळून बसलंय, ते काढायला काही वेगळं करायचं का तेवढं सांगा.

---

बिडाचा_तवा

अकरा! वा. कड्याला खायचं काही लागत नाही, त्यामुळे त्याची काळजी करू नका, पूर्ण गार झालं की लाकडी उलथन्याने खरवडा आणि तेलाचा हात फिरवा. फक्त गोळा बसतो ती वाटी आणि समोरची खाच स्वच्छ ठेवा, तिथे जळकं पीठ साचलं तर फिरताना अडकतं आणि ऐन उलटताना झटका बसतो. त्या खरबरीत कोपऱ्याला घासू नका, आणखी वीस-पंचवीस वॉफल झाले की तुपाचा थर बसेल तिथे.